नवव्या प्रश्नाचे उत्तर

पुढे जे लिहिते आहे ते बाबांना ठाऊक नाही, कचेरीत कुणाला ठाऊक नाही, आणि ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवे होते त्यांनाही नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. कारणे शोधणे हा माझा पेशाच आहे. पण या बाबतीत जी जी सापडली, ती सगळी माझ्या सोयीची निघाली.

संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून मी नाशिकमधल्या एका विमा कंपनीत लागले. भाडेकरूने भाडे थकवले तर घरमालकाला भरपाई देणारा विमा आमच्या शाखेत नव्याने सुरू झाला होता. भाडेकरूंना गुण देणारे गणित आणि दाव्याचा अर्ज, दोन्ही कामे माझ्याकडे आली. अर्जातला नववा प्रश्न माझा: भाडेकरूने मुदत मागितली होती का, आणि आपण ती दिली होती का? दिली असेल तर दावा नामंजूर. मालकाने राजीखुशीने थांबायचे कबूल केले असेल, तर त्याला थकबाकी कसे म्हणायचे? वरिष्ठांनी या प्रश्नाचे कौतुक केले होते. प्रश्न म्हणून तो अजूनही बरोबरच आहे.

पहिले ग्राहक आम्ही ओळखीतूनच आणले. मी बाबांना आणले. सिडकोत आमचे दुमजली घर. वर बाबा आणि मी, खाली भाड्याने अन्वरचाचा आणि त्यांची पत्नी. आई गेल्यापासून आम्ही दोघे फारसे बोलत नव्हतो. बाबांचे बोलणे खाली व्हायचे. चाचा सोफ्यांना कापड चढवण्याचे काम करीत, आणि ते आटोपले की ओट्यावर दोघांचा चहा. मी स्कूटर लावत असताना चाचा विचारायचे, "काय बेटी, तुझ्या मशीनमध्ये आज माझा भाव काय निघाला?" माझ्याआधी बाबाच उत्तर द्यायचे, "उतरलाय." मी हसून वर जायची. तिथे घटकाभर बसावे असे मला कधी वाटले नाही का? वाटले. बसले नाही.

उन्हाळ्यात चाचांचा उजवा हात मोडला. काम बंद झाले. ते वर आले, उभ्या उभ्याच तीन महिन्यांची मुदत मागू लागले. बाबांनी त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवले आणि सांगितले, की आधी हात बरा होऊ द्या, भाड्याचे नंतर बघू. हे सारे मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेले नाही — मी त्याच खोलीत होते.

तोवर आमच्या शाखेतून एकही दावा मंजूर झालेला नव्हता. मुंबईहून विचारणा सुरू होती. या विम्याची पुढची जबाबदारी कुणाकडे द्यायची ते ठरायचे होते, आणि ती मला हवी होती. त्यासाठी एक स्वच्छ, परिपूर्ण, पहिला दावा — एवढाच कमी होता.

मी बाबांच्या नावाने अर्ज भरला. नवव्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिले.

आकड्यांशी खोटेपणा करणाऱ्यांची मला किळस येते. हे वाक्य आजही खरे आहे — मग त्या दिवशी माझा हात का थांबला नाही? अर्ज सहीसाठी पुढे केला, तेव्हा बाबा म्हणाले, "तू वाचलंयस ना?" मी हो म्हणाले. आता भाडे कंपनी भरेल, चाचांवरचा भार उतरेल, असेही म्हणाले. त्यांना आनंद झाला. दावा मंजूर होताच भाडेकरूला घरमालकाच्या नावाने वसुलीची आणि जागा सोडण्याची नोटीस जाते, हे मी सांगितले नाही. त्या नोटिशीचा मसुदा मीच तपासलेला होता.

नोटीस आली तेव्हा बाबा आत्याकडे इगतपुरीला गेले होते. चार दिवसांत खाली टेम्पो लागला. चाचा किल्ली द्यायला वर आले. हातावरचे प्लास्टर अजून निघालेले नव्हते. त्यांनी आवाज चढवला असता तर बरे झाले असते.

"बेटी, बाबांना सांग, नाही म्हणायचं होतं तर तोंडावर म्हणायचं. मी बुरा मानला नसता."

एक वाक्य पुरले असते: बाबांना यातले काही माहीत नाही. तेवढे बोलायला किती वेळ लागतो? मी किल्ली घेतली आणि म्हणाले, "सांगते."

बाबा परतले. मी सांगितले — चाचा काही न बोलता घर सोडून गेले. त्यांनी दोनदा फोन लावला; चाचांनी उचलला नाही. तिसऱ्यांदा बाबांनी लावला नाही. दोघांनाही वाटते, समोरच्याने शब्द फिरवला. तो कुणीच फिरवला नव्हता, हे फक्त मला माहीत आहे.

चाचा आता घोटीला मेहुण्याच्या घरी एका खोलीत राहतात. नाशकात त्यांना कुणी जागा दिली नाही; एजंट आमच्या कंपनीच्या ज्या यादीत भाडेकरू तपासतात, तीत त्यांच्या नावापुढे 'मुदत न मागता भाडे थकवले' अशी नोंद आहे. त्या नोंदीला सर्वाधिक वजन माझ्याच गणिताने दिले आहे. दुरुस्तीचा अधिकार माझ्याकडे आहे. दुरुस्ती केली की कारण लिहावे लागते. मी ती नोंद पाहते आणि पान बंद करते. जबाबदारी मला मिळाली.

खालचा मजला बाबा कुणाला देत नाहीत. ओट्यावर कुणी बसत नाही. आम्ही दोघे वर असतो, आपापल्या खोलीत.

गेल्या रविवारी दुपारी जेवताना बाबांनी भातात आळे केले. मग ताटाकडे बघतच म्हणाले, "तुझं गणित बरोबर होतं गं. माणूस ओळखण्यात मीच चुकलो."

मी म्हणाले, "होतं असं, बाबा." आणि त्यांना आमटी वाढली.