बोटाला सोसेल इतकं तेल

अण्णांनी ओलं फडकं घेतलं आणि माझ्या नावापुढच्या वर्तुळाचे तीन भाग पुसून टाकले. सगळी लाइन समोर उभी होती. बावीस बायका आणि टेस्टिंगचे चार जण.

आमच्या शॉपमध्ये भिंतीवर मोठा फळा आहे. प्रत्येकीचं नाव आणि पुढे वर्तुळ. वर्तुळाचे चार भाग. एकच भाग काळा असेल तर ती शिकाऊ. चारही काळे असतील तर ती दुसरीला शिकवू शकते. बेंगळुरूच्या या कारखान्यात मला चौदा वर्षं झाली. त्यातली आठ वर्षं माझं वर्तुळ पूर्ण काळं होतं.

"ऑपरेटरला सिस्टमची जाणीव नाही," अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं कन्नडमध्ये म्हणाले. "परत ट्रेनिंग होईपर्यंत ही लर्नर."

ऑपरेटर. आदल्या दिवसापर्यंत मी अक्का होते.

अण्णा म्हणजे आमचे क्वालिटी मॅनेजर. चामराजपेटचे. पिढ्यान् पिढ्या इथेच राहिलेलं मराठी घर. मी निपाणीकडची. लग्न होऊन इथे आले. कारखान्यात कन्नड आणि हिंदी चालतं, मराठी फक्त घरी. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी आईशी फोनवर बोलत होते, ते अण्णांनी ऐकलं. जवळ आले, म्हणाले, "मराठी काय तुम्ही? मग सर म्हणू नको अक्का, अण्णा म्हण. आपली माणसं आहेत कुठं इथं?" मी विरघळले. परक्या गावात आपली भाषा ऐकली की माणूस येडं होतं.

मग आठ दिवसांनी त्यांनी गाव विचारलं. मग आडनाव. मग विचारलं, "गावात घर कुठल्या बाजूला?" हा प्रश्न मला लहानपणापासून पाठ आहे. मी बाजू सांगितली. ते जरा थांबले आणि म्हणाले, "असू दे, असू दे. आम्ही असलं काही मानत नाही." मला तेव्हा बरं वाटलं होतं. आज त्या बरं वाटण्याचीच जास्त चीड येते.

आम्ही लॉरीच्या ब्रेकचा व्हॉल्व्ह बनवतो. माझं काम त्यात रबराची रिंग बसवायचं. बांगडीएवढीसुद्धा नाही, अंगठीएवढी रिंग. ती दांड्यावरून सरकवताना वाटेत एक धारदार खाच लागते. रबर गार असलं की खाचेवर कापलं जातं. काप केसाहून बारीक, रिंग बसल्यावर डोळ्याला दिसत नाही. टेस्टिंगला व्हॉल्व्ह पास होतो. सहा महिन्यांनी कुठल्या तरी घाटात हवा गळायला लागते. बेंगळुरूच्या थंडीत सकाळी पहिल्या शिफ्टला रबर कडक असतं, तेव्हा हे जास्त होतं.

हे मला कुणी शिकवलं नाही. परत आलेले व्हॉल्व्ह उघडून उघडून मला कळलं. मी तेलाची वाटी कॉम्प्रेसरच्या गरम अंगावर ठेवायला लागले. बोट बुडवायचं. बोटाला सोसेल इतकं कोमट झालं की रिंग त्यात टाकायची, शंभर आकडे मोजायचे, मग खाचेवर टेप गुंडाळून सरकवायची. माझ्या टेबलावरचा माल परत यायचा बंद झाला.

अण्णा आले तेव्हा कंपनीला नवं सर्टिफिकेट घ्यायचं होतं. ते महिनाभर माझ्या शेजारी स्टूल टाकून बसले. मी सांगत होते, ते लॅपटॉपवर लिहीत होते. एकदा चहा पिता पिता त्यांनी कागदावर त्रिकोण काढला. त्याचे आडवे चार थर केले. सगळ्यांत वर पॉलिसी आणि मॅन्युअल, कंपनीचा शब्द. त्याखाली प्रोसिजर, कुणी काय करायचं. त्याखाली वर्क इन्स्ट्रक्शन, हातानं काम कसं करायचं. सगळ्यांत खाली फॉर्म आणि रेकॉर्ड, म्हणजे केल्याचा पुरावा.

"आणि मी कुठं यात?" मी विचारलं.

"तू खालच्या दोनात. काम तुझं, सही तुझी."

असला त्रिकोण मला नवा नव्हता. पण मी हसले. माझ्या हातातलं छापून येणार, याचाच मला आनंद झाला होता.

छापून आलं तेव्हा त्यात तेल गरम करायची पायरी नव्हती. नुसतं लिहिलं होतं, रिंगला तेल लावून बसवावी. मी विचारलं तर अण्णा म्हणाले, "अक्का, गरम लिहिलं की किती गरम ते लिहावं लागतं. मग थर्मामीटर आला. त्याचं कॅलिब्रेशन आलं. रोजची नोंद आली. मालक नको म्हणतात. बोट काय इन्स्ट्रुमेंट आहे होय? तू असं कर, पुठ्ठ्यावर लिहून टेबलापाशी लाव. पोरींना कळलं म्हणजे झालं."

मी पुठ्ठ्यावर लिहिलं. वर कन्नडमध्ये, खाली मराठीत. कन्नड नीट यावं म्हणून शेजारणीकडून तपासून घेतलं. इन्स्ट्रक्शनच्या कागदावर 'तयार केले' या रकान्यात अण्णांचं नाव होतं. त्याचंही मला काही वाटलं नाही. आपलाच माणूस आहे, असं मी मनाशी म्हटलं.

मग त्या सर्टिफिकेटसाठी ऑडिट आलं. ऑडिटर बाहेरचा, वयस्कर, शांत माणूस. लाइनवरून चालत माझ्या टेबलापाशी थांबला. पुठ्ठ्यावर काय लिहिलंय ते एका पोरीकडून हिंदीत समजून घेतलं. हातातलं इन्स्ट्रक्शन वाचलं. परत पुठ्ठा. मग त्यानं हिंदीत विचारलं की ही पायरी कागदात का नाही, आणि हा सही-शिक्क्याशिवायचा कागद इथं कुणाच्या परवानगीनं लागला.

मी अण्णांकडं बघितलं. आता सांगतील. मला खरंच तसं वाटलं.

अण्णा फाइलकडं बघत राहिले. मग इंग्लिशमध्ये बोलले. मला सगळं कळत नाही, पण 'ऑपरेटर' कळलं, 'अवेअरनेस' कळलं. शेवटी ते हिंदीत म्हणाले, "सर, ये लोग अपने मन से लगा देते हैं."

ये लोग.

मी म्हटलं, "अण्णा, तुम्हीच सांगितलं हुतं की पुठ्ठा लाव म्हणून." मराठीत म्हटलं. तिथं ते कळणारा एकच माणूस होता. त्यानं ऐकलं नाही. हात लांब करून त्यानं पुठ्ठा ओढला, टेपसकट. टेबलाचा रंगही थोडा निघाला.

दुसऱ्या दिवशी फळा पुसला गेला. ते मी सुरुवातीला सांगितलंच.

तिसऱ्या दिवशी माझं ट्रेनिंग. जेवणाच्या खोलीत मी आणि नवी इंजिनियर मॅडम. दोन महिने झाले होते त्यांना रुजू होऊन. स्वभावानं चांगल्या. त्यांनी इन्स्ट्रक्शन उघडलं आणि वाचून हिंदीत सांगायला लागल्या. एकेक वाक्य माझं होतं. टेप कुठून गुंडाळायची, अंगठा कुठं ठेवायचा, रिंग पिळायची नाही. माझ्या तोंडातून निघालेले शब्द मला शिकवले जात होते आणि मी मान हलवत होते. लाज वाटली. मग लाजेची लाज वाटली. मी काय चोरलं होतं?

तेलाची ओळ आली तेव्हा मी विचारलं, "मॅडम, तेल ठंडा या गरम?"

त्यांनी कागद उलटून बघितला. "इसमें तो नहीं लिखा."

"मग पोरींनी काय करायचं?" हे मात्र माझ्या तोंडून मराठीतच निघालं. त्यांनी पुढची ओळ वाचायला घेतली.

सहीसाठी अण्णा स्वतः आले. हातात ट्रेनिंगचा फॉर्म. त्यावर लिहिलं होतं, मला या कामाची माहिती नव्हती, ती आता दिली आहे आणि समजली आहे. "स्वल्प, जरा सही कर अक्का. फाइल क्लोज करायची आहे. नुसती फॉर्मॅलिटी. महिन्याभरात तुझं वर्तुळ परत भरून देतो, सरी? ठीक ना?"

परत अक्का.

सही केली असती तर मी आयुष्यभर त्या फाइलीत अडाणी राहिले असते. आणि उद्या कुठं हवा गळली तर कागद म्हणणार, बाईला शिकवलं होतं, बाईचीच चूक. एका सहीत दोन्ही कामं होत होती. किती स्वच्छ काम.

मी पेन घेतलं. सहीच्या चौकोनात लिहिलं. जागा पुरेना, तर समासात लिहिलं. कन्नडमध्ये आणि मराठीत. 'मला हे शिकवलेलं नाही. हे मी शिकवलेलं आहे. तेल गरम करायची पायरी यातून काढली आहे. पुठ्ठा मॅनेजरच्या सांगण्यावरून लावला होता.' आणि त्याखाली सही केली. पूर्ण नावाची, आडनावासकट.

अण्णांचा चेहरा उतरला. "हे रेकॉर्ड आहे. यावर असलं लिहिता येत नाही."

"फाडताही येत नाही," मी म्हटलं. "नंबर पडलाय, रजिस्टरात चढलाय. तुम्हीच शिकवलंय सर."

त्यांनी फॉर्म घेतला आणि गेले. त्याचं पुढं काय केलं मला माहीत नाही. ते न्यायच्या आधीच मी मोबाइलवर त्याचा फोटो काढला होता. लाइनच्या सगळ्या बायकांकडं तो आहे, मॅडमकडंही.

मला पॅकिंगला टाकलं. खोकी जुळवते, पट्टी मारते. रिंगला माझा हात लागत नाही. माझ्या जागेवर दुसरी बसते आणि कागदात लिहिलंय तसं गार तेल लावते. व्हॉल्व्ह पास होतात. खोक्यात भरताना मला प्रत्येकाची भीती वाटते.

पुढचं ऑडिट जवळ आलंय. दर वेळी आधी आम्हाला पॉलिसी पाठ करायला लावतात आणि विचारलं तर तेवढंच बोला म्हणून बजावतात. या वेळी मी कुणी विचारायची वाट बघणार नाही. पॅकिंगमधून उठेन, लाइन ओलांडून ऑडिटरसमोर जाऊन उभी राहीन आणि एक व्हॉल्व्ह त्याच्यासमोर उघडून, रिंग ताणून काप दाखवीन. हिंदी मोडकी आली तरी चालेल. कामावरून काढलं तर फाटकाबाहेर उभी राहून सांगेन.