बाबांच्या रेकॉर्डी आणि धाकटीचं घर

थोरलीचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. चेन बदलायची, पँट आखूड करायची, फाटलेल्या कोपरावर असं ठिगळ लावायचं की शोधूनही सापडू नये. हातात कसब, पण तोंड महाफटकळ. "पोट आवरा, शिवण तरी किती उसवू?" असं ती गिऱ्हाइकाला तोंडावर सुनावते. तरी दुकान रिकामं म्हणून कधी नसतं.

अशी ही बाई सख्ख्या धाकट्या बहिणीपुढे मात्र मांजर व्हायची. त्याला कारण होतं. बाबा गेले तेव्हा दोघींचं चांगलंच वाजलं. "आजारपण मी काढलं, तू नुसते फोन केलेस," असं धाकटी म्हणाली, आणि थोरली पाय आपटत निघून आली. त्यानंतर कुठे गाठ पडलीच तर "बरी आहेस ना?" एवढ्यावर काम भागायचं. बाबांच्या रेकॉर्डी धाकटीकडेच राहिल्या.

यंदा जावयानं थोरलीला सुटकेससारखा बंद होणारा रेकॉर्डप्लेअर आणून दिला. रेकॉर्ड लावायची, बटण दाबायचं, की गाणं वाजता वाजता पेनड्राइव्हवर उतरतं. थोरलीनं मनाचा हिय्या करून बहिणीला फोन लावला आणि रेकॉर्डी मागितल्या.

"त्या घराबाहेर जाणार नाहीत," धाकटी म्हणाली. "तुला यायचं तर तू ये."

मग काय, दर रविवारी बाईसाहेब ते धूड उचलून बसनं बहिणीकडे. स्वयंपाकघरातलं टेबल मोकळं करायचं, मऊ ब्रशनं रेकॉर्डवरची धूळ झाडायची, सुई अलगद टेकवायची. आणि एकदा बटण दाबलं की दोघींची तोंडं बंद, कारण थोरलीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बोललीस तर तुझा आवाज आत जाईल हं." गाणं ऐकताना बाबाही कोणाला हूं की चूं करू द्यायचे नाहीत, त्यामुळे धाकटीला ते लगेच पटलं.

मग जे चालायचं ते बघण्यासारखं होतं. चहा हवा का ते खुणेनं विचारायचं. कप बशीवर न ठेवता हातातच धरायचा. एकदा थोरलीला ठसका लागला तर ती तोंडावर पदर धरून जिन्यात पळाली आणि तिथे पोटभर खोकून आली. दाराची बेल तर धाकटीनं चक्क काढूनच ठेवली. रेकॉर्ड उलटताना "साखर बरोबर आहे ना?" एवढंच बोलायला सवड मिळे, भांडायला नाही. थोरलीला तर फार बरं वाटायचं. धाकटी समोर बसून शेंगा सोलायची, केस पांढरे झालेले, मान मात्र लहानपणासारखीच तिरकी. थोरली डोळे भरून बघत बसायची.

एक दिवस जावई जेवायला आला तेव्हा तिनं हे सगळं कौतुकानं सांगितलं. जावई बिचारा सासूपुढे हसू दाबत म्हणाला, "आई, सुईचा आवाज आतल्या आत पेनड्राइव्हवर जातो. खोलीतलं त्यात काही येत नाही. तुम्ही खुशाल गप्पा मारा."

थोरलीचा घास हातातच राहिला. आता एकच रेकॉर्ड उरली होती. सांगावं, तर धाकटी जुनं सगळं उकरून काढणार. न सांगावं, तर ही शेवटची रेकॉर्डही मुकाट्यानं संपणार, आणि पुन्हा आपलं तेच, बरी आहेस ना.

रविवारी तिनं सुई टेकवली, बटण दाबलं, आणि गाणं सुरू झाल्यावर म्हणाली, "बोललं तरी चालतं. आत जात नाही."

धाकटीनं दचकून ओठांवर बोट ठेवलं.

"खरंच. मलाच माहीत नव्हतं."

धाकटीनं ओठांवरचं बोट खाली घेतलं. मग शेंगांचं ताट बाजूला सारून म्हणाली, "मग ऐक. रात्र रात्र मी उशाशी बसायचे, आणि बाबा विचारायचे, थोरली आली का? रोज. केलं मी, आणि वाट तुझी."

थोरलीचं फटकळ तोंड त्या दिवशी काही कामाला आलं नाही. "त्यांना तसं बघायची भीती वाटायची गं," ती कशीबशी म्हणाली. "बसस्टॉपपर्यंत येऊन परत गेलेय मी. यायला हवं होतं."

धाकटी रडली, चिडली, मधेच ओरडलीसुद्धा. थोरलीनं एकदाही उलटून उत्तर दिलं नाही. रेकॉर्ड कधीच संपून सुई नुसती खरखरत होती, तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

निघताना थोरलीनं वायर गुंडाळली आणि झाकण लावलं. "संपल्या बाई रेकॉर्डी," ती म्हणाली, आणि चपला शोधत उगाच घुटमळली.

"म्हणजे पुढच्या रविवारी येणार नाहीस?"

"येते की."

"ते धूड आणू नकोस," धाकटी म्हणाली. "माझं अजून निम्मंही बोलून झालेलं नाही."