चित्रावर हात ठेव

काशिनाथला त्याच्या शाळेने फसवलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण माझ्या बायकोचं म्हणणं आहे की मी रागात बोलायला लागलो की मुद्दा शेवटी येतो आणि तोवर समोरचा उठून गेलेला असतो. शाळेला तालुक्याने फसवलं असेल, तालुक्याला आणखी वरच्या कोणी. ते मला माहीत नाही. पण आमच्या वाडीतल्या चौथीपर्यंतच्या शाळेने काशाला फसवलं, आणि तो दुबईत, जबल अलीला एका गोदामाच्या टाकीत मेला, तो त्या फसवणुकीमुळे मेला.

बातमी आली तेव्हा मी रास अल खोरला माझ्या यार्डात होतो. माझा धंदा जुन्या लाकडी पॅलेटचा, म्हणजे मालाखाली घालतात त्या फळ्यांच्या चौकटींचा. गोदामांतून मोडकी पॅलेटं उचलायची, ठोकून नीट करायची आणि परत विकायची. समोर एक जुनं गिऱ्हाईक भाव पाडायला बसलं होतं, मी चढवायला. फोन आला तो काशाच्या कंपनीतल्या सेफ्टी ऑफिसरचा. पुण्याचा पोरगा, माल उचलायला जायचो म्हणून ओळख. म्हणाला, "सर, ॲक्च्युअली एक इन्सिडंट झालाय. काशिनाथ टाकीत उतरले होते, बादली काढायला. आत गॅस होता." मी विचारलं, "वाचला का?" तो लगेच म्हणाला, "वाचला असणारच सर. आजच लावलाय डेंजरचा बोर्ड, अरबी, इंग्लिश आणि हिंदी, तिन्हीत. आणि सकाळच्या सेफ्टी टॉकच्या शीटवर त्यांची सही पण आहे." मला काही क्षण कळेचना तो काय बोलतोय ते. मग कळलं... मी म्हटलं, "अरे, मी बोर्डाचं नाही विचारत. काशा वाचला का?" मग तो हळूच म्हणाला, "नाही सर."

त्या पोराला मी तेव्हा काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आज वाटतं, त्याने जे उत्तर दिलं तेच खरं तर सगळं होतं. आपल्या भाषेत वाचणं म्हणजे जगणं आणि वाचणं म्हणजे अक्षरं ओळखणं, दोन्हींना एकच शब्द आहे. काशाला दुसरं येत नव्हतं म्हणून पहिलं झालं नाही.

काशा आणि मी एकाच वर्गात. वर्ग म्हणजे काय, एकच खोली, त्यात पहिली ते चौथी, आणि एकच गुरुजी. ते वाईट नव्हते. एका ओळीला गणित घालायचे, दुसरीला शुद्धलेखन, तोवर तिसरी बोंबलायची आणि तेवढ्यात तालुक्याहून कोणतरी माहिती मागायला यायचं. काशाचे कान फार तयार. तो पहिलीत असताना चौथीची कविता पाठ म्हणायचा. धडा दोनदा ऐकला की झालं. त्यामुळे त्याला वाचता येत नाही हे बराच काळ कोणाला समजलंच नाही, आणि गुरुजींना समजलं तेव्हा ते त्यांच्या सोयीचं ठरलं. तपासणीच्या दिवशी साहेब आले की गुरुजी काशालाच उभा करायचे. तो पुस्तक धरून, ओळीखाली बोट सरकवत, खडखडीत म्हणायचा. एकदा त्याने घाईत दोन पानं एकदम उलटली, तरी मधल्या पानावरचा मजकूर एक शब्द न गाळता चालूच राहिला. मी आणि बाकीची पोरं पोट दाबून हसत होतो. साहेब म्हणाले, "वा, छान वाचतो मुलगा." गुरुजींनी खिडकीबाहेर बघितलं.

एक गोष्ट मात्र गुरुजींनी काशाकडून घोटून घेतली, ती म्हणजे सही. सही आली की माणूस अंगठेबहाद्दर राहत नाही, असं ते म्हणायचे. काशाची सही बघण्यासारखी होती. पहिला 'का' चांगला गलेलठ्ठ, शेवटी खाली एक झोकदार रेघ. मला आजही तशी सही येत नाही. त्याच वर्षी शाळेच्या भिंतीवर निळ्या रंगात पाटी रंगवली, 'आमच्या गावात एकही मूल शाळेबाहेर नाही.' रंगाचा डबा धरायला उभा होता काशा. आणि पाटी खोटी नव्हती, हेच तर माझ्या डोक्यात जातं. काशा शाळेबाहेर नव्हताच. तो आत होता, रोज, पहिल्या रांगेत.

मीही तसाच निघालो असतो. चौथीनंतर मामाने मला मुंबईला त्याच्या गोदामात हाताखाली घेतलं आणि पोत्यांवरची नावं वाचायला लावली. चुकीचं पोतं दिलं की कानाखाली. मला शाळेने नाही शिकवलं, साखरेच्या आणि सिमेंटच्या पोत्यांनी शिकवलं. ही गोष्ट मी काशाला तो दुबईत आल्यावर सांगितली. तो म्हणाला, "पोत्यावर चित्र नसतं ना, म्हणून."

तो इकडे आला त्याला बरीच वर्षं झाली होती. जबल अलीच्या कामगार कॅम्पमध्ये राहायचा. रविवारी कंपनीची बस शहरात सोडायची, तिथून तो आमच्या अल मनखूलच्या घरी. माझ्यासमोर त्याला लपवायचं काही नव्हतं. पण माझ्या बायकोसमोर आणि मुलासमोर त्याची एकच पळवाट होती, "चष्मा विसरलो." लिफ्टमधली सूचना, औषधाची बाटली, मुलाच्या शाळेचं कार्ड, काहीही पुढे केलं की खिशावर हात मारायचा, "च्यायला, चष्मा विसरलो." एकदा बायकोने त्याला खालच्या दुकानातून चष्माच आणून दिला. "वीस दिरहम, म्हणजे जवळजवळ पाचशे रुपये भावजी, आता सांभाळा." त्याने तो कौतुकाने डोळ्याला लावला, आरशात बघितलं, म्हणाला, "वहिनी, मी मामलेदार दिसतो." आणि संध्याकाळी जाताना आमच्या टीव्हीखालच्या फळीवर ठेवून गेला. पुढच्या रविवारी आला, परत लावला, परत ठेवून गेला. बायको म्हणायची, किती विसराळू. मला माहीत होतं. चष्मा आमच्याकडे राहिला तरच त्याला आठवडाभर खरं बोलता येत होतं.

माझ्या मुलाने एकदा त्याला तोंडावर विचारलं. तो मराठी समजतो, उत्तर इंग्रजीत देतो. "काका, यू आर वेअरिंग इट नाऊ. व्हाय डोन्ट यू रीड इट?" काशाने चष्मा काढून शर्टाला पुसला आणि म्हणाला, "नंबर बदललाय रे हबीबी." सगळे हसले. तोही हसला.

काशाचा सगळा जीव त्याच्या मुलीत, सायलीत. ती आमच्याच वाडीत, त्याच शाळेत, आता चौथीला. रविवारी आमच्या हॉलमध्ये बसून तो तिला व्हिडिओ कॉल लावायचा. दुसरे बाप विचारतात जेवलीस का, अभ्यास केलास का. हा म्हणायचा, "पुस्तक नको. घरात काय आहे ते आण." ती साबणाचं वेष्टण आणायची, चहाची पुडी, कसलीतरी पिशवी. तो म्हणायचा, "चित्रावर हात ठेव. आता वाच." आणि फोन माझ्याकडे वळवायचा, "शेठ, बघ बरोबर वाचते का." शेठ तो मला टोमणा म्हणून म्हणायचा. पुस्तक पाठ करून जग कसं फसवता येतं हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? म्हणून पुस्तक नको. चित्र बघून कसं रेटता येतं तेही त्याला ठाऊक होतं, इथल्या दुकानांत तो तेच करत होता. म्हणून चित्रावर हात.

पहिले काही महिने सायली चटचट सांगायची आणि मी मान हलवायचो, कारण साबण आणि चहा ही घरातलीच नावं. मग एका रविवारी तिने गोठ्यातली रिकामी पिशवी आणली. चित्रावर गाय होती, तिने पंजा ठेवला, पण शेपटी बाहेर दिसत राहिली. ती म्हणाली, "दूध." पिशवीवर लिहिलं होतं पशुखाद्य. काशाने माझ्याकडे बघितलं. या वेळी मी मान हलवली नाही. त्याने फोन हातात घेतला आणि फार मऊ आवाजात म्हणाला, "परत बघ बाळा." ती म्हणाली, "दुधाची पिशवी." मग तो म्हणाला, "असू दे. आईला दे फोन."

त्या दिवशी तो जेवला नाही. म्हणाला, "मी इथे उन्हात मरतो ते कशासाठी? तीही माझ्यासारखी नुसती सही घेऊन मोठी व्हायला?" मग म्हणाला, "सुट्टी मिळाली की जातो. तिच्या शाळेतल्या बाईंसमोर बसतो. म्हणतो, तिला पुढच्या वर्गात घालू नका, आधी वाचायला शिकवा." मी म्हटलं, "पास करू नका म्हणून भांडायला जाणारा तू पहिलाच बाप." म्हणाला, "तू चल बरोबर. भांडायचं तुला चांगलं जमतं. इन्शाल्ला, गणपतीत जाऊ."

गेलो, पण गणपतीच्या कितीतरी आधी, आणि तो पेटीत होता.

त्याआधी मी कंपनीच्या ऑफिसात जाऊन टेबल बडवून आलो होतो. मी आयुष्यभर टेबलाच्या या बाजूला बसून जे मिळवलं ते समोरच्याच्या डोळ्यांत बघून. पण तिथे समोर कोणी नव्हतंच. मॅनेजर म्हणाला, बोर्ड उसकी भाषा में था. मी म्हटलं, उसको पढ़ना नहीं आता था. त्याने काशाचे कागद पुढे केले, शाळेचा दाखला, चौथी उत्तीर्ण, आणि ती सुंदर सही, खाली झोकदार रेघ. "भाई, स्कूल बोलता है पढ़ सकता है. वो ख़ुद भी साइन किया. खलास." पुण्याचा पोरगा खाली मान घालून बसला होता. बोर्डावर चित्र का नाही, विचारलं, तर म्हणे चित्राचा बोर्ड येणार होता, हा तात्पुरता.

वाडीत दिवसकार्य झाल्यावर मी शाळेत गेलो. गुरुजी जाऊन वर्षं झाली. भिंतीवरची पाटी तीच, रंग नवा. एक बाई, चार वर्ग. भांडायच्या तयारीने गेलो होतो, तर त्यांनी स्वतःची खुर्ची मला दिली आणि स्वतः उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "दादा, सायली रोज येते. गुणी आहे. पण मला आठवड्यातले निम्मे दिवस माहिती भरायला आणि सर्व्हेला जावं लागतं. तिला मागे ठेवायचं म्हटलं तर मलाच वर बोलावतात." मग म्हणाल्या, "तुम्ही कोणाला तरी सांगा ना. तुमच्यासारख्यांचं ऐकतात." पोरं माझ्याकडे बघत होती, सायलीही. मला ओरडता येईना. तालुक्याला गेलो. तिथले साहेब चांगले बोलले, चहा दिला, म्हणाले, पट शंभर टक्के आहे, मुलगी हजर आहे, मग तक्रार नेमकी कशाची?

लोक मला म्हणतात, तुझी ऐपत आहे, पोरीला शहरात ठेव. ठेवली असती. पण तिची आई सुगंधा आता तिला नजरेआड करत नाही, आणि मी काय तोंडाने सांगू? शिवाय त्या खोलीत सायलीच्या शेजारी बसलेल्या पोरांचं काय? ती उद्या कुठल्या टाकीवर, कुठल्या देशात उभी राहणार?

आता रविवारी फोन सायलीच लावते, माझ्या नंबरवर. बाबाच्या वेळेलाच. हातात काहीतरी घेऊन बसलेली असते. मी म्हणतो, चित्रावर हात ठेव. ती ठेवते, आणि मग ओठ हलतात, थांबतात, पुन्हा हलतात... एखादा शब्द लागतो, एखादा नाही. मी हजार मैलांवरून 'प'ला काना नाही, एवढंच सांगू शकतो. परवा तिने विचारलं, "काका, बाबाला त्या बोर्डावर काय लिहिलेलं ते दिसलं नाही का?" बायको माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "चष्मा विसरला होता तो."

चष्मा अजून टीव्हीखालच्या फळीवर आहे. काचेवर एक ओरखडा नाही. बायको धूळ पुसते आणि परत तिथेच ठेवते. मी त्या पोरीशी खोटं बोललो, कारण खरं उत्तर देणं माझं काम नाही. ते काम ज्याने काशाला वाचता येतं असं लिहून दिलं त्याचं आहे, ज्याने ती पाटी दुसऱ्यांदा रंगवायला सांगितली त्याचं आहे, आणि पट शंभर टक्के आहे म्हणून ज्याने मला चहा पाजला त्याचं आहे. तुमच्यातल्या कोणीतरी एका रविवारी या. माझ्या हॉलमध्ये माझ्यासमोर बसा, फोन हातात घ्या, आणि सायलीला सांगा तिचा बाप का वाचला नाही.