हीरो नदीकडे का बघतो?

आमच्या घरात कुठलंही पत्रक छापायला जाण्याआधी मोठ्यानं वाचलं जातं आणि घरातल्या प्रत्येकानं त्यावर हरकत घ्यायची असते. पप्पा शिरूरजवळच्या एका कंपनीत कामगार आणि कामगारांच्या संघटनेत पुढारी. रविवारी सकाळी चहा झाला की ते मसुदा माझ्या हातात देतात, मी वाचते, आई भाजी निवडत ऐकते. ‘हरकत नाही’ म्हणणारा माणूस झोपलेला आहे, असं पप्पा धरून चालतात. मी अक्षरं शिकले तीच ‘बंधू-भगिनींनो’पासून. त्यामुळे ताईच्या बॅगेत पहिल्यांदा प्रेमकथा सापडली, तेव्हा मला दारूची बाटली सापडल्यासारखं झालं.

ताई दौंडला एका दवाखान्यात नर्स आहे. आठवडाभर तिथं खोली घेऊन राहते आणि सुट्टीला एसटीनं शिरूरला येते. ही पुस्तकं ती स्टेशनबाहेरच्या गाड्यावरून घ्यायची. कव्हरवर कायम एक जोडपं, मागं एक डोंगर आणि वाऱ्यावर उडणारी ओढणी.

“यात शोषणाबद्दल एक ओळ तरी आहे का?” मी विचारलं.

“हाय की. हीरोईन रोज पहाटे उठून केक करती आन् सगळ्या गावाला फुकट खाऊ घालती.”

शत्रूचा अभ्यास करावा, म्हणून मी पेन्सिल घेऊन वाचायला बसले. हीरो शहरातली नोकरी सोडून गावी आलेला, वडिलांचं बंद पडलेलं गॅरेज चालवणारा. त्याची दाढी कधी वाढत नाही आणि कधी जातही नाही. हीरोईन पहिल्या भेटीत त्याच्याशी भांडते आणि थोड्याच पानांनी कशावरून तरी घसरते. चिखल, ऑईल, पायऱ्या, काहीही चालतं. तो जवळच असतो. गावात पाण्याचा टँकर येत नाही, लाईट जात नाही, उसाचा ट्रॅक्टर रस्ता अडवून बसत नाही. आणि त्या गावात कुणालाच आडनाव नसतं. आमच्याकडे एसटीत शेजारी बसलेली बाई निमोणं गाव येईपर्यंत आडनाव, गाव आणि पाहुणे विचारून मोकळी होते. ही दोघं अख्खं पुस्तक एकमेकांच्या डोळ्यांत बघतात, पण आडनाव विचारत नाहीत. मी समासात लिहिलं, ‘हे गाव कुठल्या तालुक्यात?’ आणि पुढचं पान उलटलं. मग त्याच्या पुढचं. पुस्तक संपल्यावर ताईकडे दुसरं मागितलं. अभ्यास अपुरा राहू नये म्हणून.

एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना ताई म्हणाली, “मला एक जण आवडतो.”

मुलगा वरवंडचा. घरी फुलशेती, तो स्वतः पाटसला साखर कारखान्याच्या लॅबमध्ये. आम्ही बौद्ध, ते मराठा.

“मग अडचण काय? पप्पांनी जातीबाहेरच्या लग्नांवर किती लिहिलंय!”

“व्हय. आन् असल्या लग्नापायी मारलेल्या पोरापोरींवर पण लिहिलंय. तवा पप्पा जेवत न्हाईत, बघितलंस ना तू? तत्त्वात त्यांचं होच असणार. पोटात काय असंल, त्याची भीती वाटती.”

तिनं एक बेत केला होता. रविवारी पत्रकाऐवजी कादंबरी वाचायची. पप्पांना आधी असला एखादा पोरगा आवडू द्यायचा, मग आपलं सांगायचं.

पप्पांनी चष्मा असा चढवला की जणू कोर्टाची नोटीस आली आहे. मी वाचत गेले. दुसऱ्याच प्रकरणाला त्यांनी हात वर केला.

“ह्या पोरीची मागणी काय?”

“प्रेम,” ताई म्हणाली.

“त्ये झालं. मागणी काय?”

आईची हरकत वेगळी होती. “तो तिच्याकडं जेवायला आला. जेवल्यावर ताट उचललं का?”

मी पान पुन्हा पाहिलं. “तसं काही लिहिलेलं नाही.”

“मग न्हाई उचललं.”

पण पुढच्या रविवारी कंपनीतल्या बोनसचा मसुदा बाजूला ठेवून पप्पा म्हणाले, “ती घसरली तिथवर आलो होतो.” ताईनं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. बेत जमत होता.

घात केला तो नदीनं. त्या प्रकरणात हीरोची आई त्याच्यासाठी नात्यातली मुलगी ठरवायचं काढते. हीरो काहीच बोलत नाही. खिडकीशी जातो आणि नदीकडे बघतो. दीड पान बघतो.

“नदीकडं का बघतोय ह्यो?” पप्पा म्हणाले. “आईकडं बघ म्हणावं!”

“त्याच्या मनात वादळ चाललंय, पप्पा,” ताई म्हणाली.

“मग तोंड उघड म्हणावं. येऊ दे की बाहेर वादळ.”

मलाही राहवेना. “सगळं गाव तिला नावं ठेवतंय आणि हा पाणी बघत उभा! भेकड आहे नुसता!”

“भेकड न्हाई तो!” ताई ताडकन उठली. “घरच्यांचं पण बघावं लागतं माणसाला! शेवंतीचा हंगाम संपला की सांगणारच हाय तो!”

आईच्या हातातली गवारीची शेंग अर्धी मोडून राहिली.

“ह्याचं तर गॅरेज हाय न्हवं?” ती म्हणाली. “शेवंती कुणाची?”

“पुढच्या प्रकरणात येती,” ताई म्हणाली.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पानं चाळली. कार्बोरेटर सापडला, शेवंती सापडली नाही.

मग ताईनं सगळं सांगितलं. पप्पा चष्मा पुसत राहिले.

“वरवंडला त्याच्या घरी ठाऊक हाय?”

“न्हाई.”

“म्हंजी उद्या कुणी तुम्हा दोघांना बघितलं, तर तो असणार कारखान्यात आन् तू एकटी दौंडच्या स्टँडवर.” त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “त्याच्या जातीवर माझी हरकत न्हाई. असती तर माझी पत्रकं मीच चुलीत घातली असती. त्याच्या गप्प बसण्यावर हाय. आधी स्वतःच्या घरात तोंड उघडू दे, मग माझ्या घरात येऊ दे.”

ताईनं तिथंच फोन लावला. पलीकडे कारखान्याची घरघर ऐकू येत होती.

“आज घरी सांग.”

“आज? अगं, शेवंतीची तोडणी...”

“शेवंती राहू दे. आज.” आणि तिनं फोन ठेवला. मी एवढी कादंबऱ्यांतली भांडणं वाचली होती, पण एवढ्या कमी शब्दांतलं एकही नव्हतं.

तो पुढच्या रविवारी आला. डोळे सुजलेले, दाढी खरीखुरी वाढलेली.

“सांगितलं, मामा.”

आमच्याकडे वडीलधाऱ्याला मामा म्हणतात आणि सासऱ्यालाही. पप्पांची एक भुवई वर गेली.

“वडील काय म्हणाले?”

“आबा कायच न्हाई बोलले. उठून मळ्यात गेले. आई तवापासनं धड जेवली न्हाई. मी पण न्हाई.”

“म्हंजी उपाशीपोटी गाडी चालवत आलास?” आई आत गेली ती ताट वाढूनच बाहेर आली. पप्पा त्याच्यासमोर प्रश्न घेऊन बसले होते. दोनदा तोंड उघडलं, दोनदा आईनं बघितलं. भाकरी संपली तेव्हा प्रश्नांतला एकच उरला होता.

“आबा माझ्याशी बोलतील?”

“ठाऊक न्हाई, मामा. हाकलणार तर न्हाईत.”

“मग आम्ही येतो. मळ्यातच भेटू. तोडणीला माणसं लागतातच की, बोलता बोलता टोपली तरी भरंल.”

ताई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. “एकटे जाऊ नका पप्पा.”

“एकटा कशाला? तुझी आई हाय.”

“येते मी,” आई म्हणाली. “पण हातात एक पण पत्रक न्यायचं न्हाई.”

पप्पांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला.

“एक पण?”

“एक पण न्हाई,” ताई म्हणाली.