आधी तळं की आधी खाडी

आधी काय आणि नंतर काय, याने फरक पडतो. ही एकच गोष्ट आमच्या पार्ल्याच्या बिल्डिंगमधले विद्याधरकाका आयुष्यभर शिकवत आले. कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. पृष्ठभागाचा आकार बीजगणितात कसा पकडायचा, हा त्यांचा विषय. मी बारावीत असताना तो त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर दाखवला होता. चहाचा डबा, साखरेचा डबा आणि सुतळी. सुतळी आधी चहाच्या डब्याभोवती फिरवायची, मग साखरेच्या. नंतर दुसरी सुतळी, क्रम बदलून.

"आता सुतळी डब्यांवरून न उचलता पहिलीची दुसरी करून दाखव," म्हणाले. मी तासभर झटले, काही जमेना.

"नाहीच होणार. पण प्रत्येक फेरीला उलटी फेरी असते. शेवटची आधी सोडवायची, मग पहिली. सगळं पुसलं जातं."

त्यांच्या बायकोला, पद्मजाकाकूंना, घरात बसवायचंच नाही. रिटायर झाल्यापासून त्या लांबलांबच्या बेटांवर चतुर किडे मोजायला जायच्या. पाण्याच्या काठाकाठाने फेरी मारायची, उडणारा प्रत्येक चतुर ओळखायचा, नोंदवायचा. सोबत कुणाला तरी न्या म्हटलं की हसायच्या. यंदाच्या अंदमानातल्या बेटावर होडीवाला त्यांना सोडून परत गेला होता. तिथे इंटरनेट नाही. टेकडीवर चढलं की फोन जेमतेम लागायचा. म्हणून ठरलेलं होतं, सकाळी काकूंनी फोन करायचा आणि काकांनी इथे कॉम्प्युटरवर भरती-ओहोटीच्या वेळा बघून सांगायच्या.

त्या सकाळी मी तिथेच होते. काका एका सिद्धतेत अडकलेले, टेबलभर कागद. फोन स्पीकरवर होता.

"आधी तळं करू की आधी खाडी?" काकूंनी विचारलं.

"कुठलंही कर गं आधी. दोन्ही फेऱ्या मारून तंबूतच येणार ना तू?"

"बरं. तळं, मग खाडी," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

कागद बाजूला सारून काकांनी वेळा बघितल्या तेव्हा दुपार झाली होती. खाडीला ओहोटी सकाळीच होती. आता तिथे मोठी भरती. काका फोन लावत राहिले. तो लागलाच नाही. दुसऱ्या दिवशी होडी गेली. खाडीतल्या खारफुटीत काकूंची चतुर पकडायची जाळी अडकलेली सापडली. काकू नाहीत.

मी चिडले होते, खोटं कशाला बोलू? जगभरच्या पोरांकडून जे घोकून घेतलंत, ते बायकोला सांगताना कुठे गेलं होतं? तोंडावर विचारलंही असतं, पण त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

काल शोध थांबवल्याचा फोन आला. मी धावत वर गेले. टेबलावर एकही कागद नव्हता. दोन डबे होते आणि सुतळी.

"बघ अक्षता. आधी तळं, मग खाडी." त्यांनी सुतळी फिरवली. "आता उलट. आधी खाडी सोडवायची, मग तळं." सुतळी त्यांच्या हातात मोकळी आली. लगेच परत गुंडाळली. "सुटते गं. दर वेळी सुटते," म्हणत साखरेच्या डब्याची फेरी ते पुन्हा सोडवू लागले.

मला रडू फुटलं. "काका, पुरे ना आता," म्हणत मी साखरेचा डबा उचलायला गेले, तर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"थांब," म्हणाले. "आत्ता कुठे ती खाडीतून बाहेर आलीय. अजून तळं राहिलंय."