टोपल्यासकट

"मावशी, टोपली डोक्यावर घ्या. आता हसा."

फोटो काढणारा ओरडला आणि माझी आई हसली. अमरावतीचा सेमिनार. स्टेजवर आई, शेजारी हात जोडून मी. माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक सर माईकवर सांगत होते, "ही बाई बाळापूरच्या बाजारात भाजी विकते. ही तिची मुलगी. परिस्थिती आडवी येत नाही, मित्रांनो. स्वतःवर विश्वास हवा." टाळ्या. टोपली घेऊन यायला सरांनीच सांगितलं होतं. आईनं ती रिकामी आणली नाही. सरांसाठी पहाटे उपटलेल्या मेथीच्या जुड्या होत्या तिच्यात.

माझा विषय तोच. विद्यार्थ्यांची प्रेरणा, आणि 'मला हे जमेल' हा त्यांचा विश्वास. त्या दिवशी लाजेनं मरून जावंसं वाटलं. आईची लाज नव्हती. मी हात जोडले, त्याची होती.

परतीच्या बसमध्ये आईनं विचारलं, "कोनं भाजी तं घेतली नाही. मंग टोपलं कावून आणाले सांगतलं तुया सरनं?"

मी टोपली उचलून सीटखाली सरकवली. आई काय ते समजली. अकोला येईपर्यंत पदर तोंडाला लावून बसली.

अकोल्याच्या बी.एड. कॉलेजात मी तासिकेवर शिकवते. सुट्टी लागली की पगार बंद. मध्यंतरी तिथं कायमची जागा निघाली. मुलाखत घ्यायला सरच. जागा गेली संस्थाचालकांच्या भाच्याला. सरांनी मला बाजूला घेतलं. "तुझ्यात जिद्द आहे गं, तू कुठंही तरशील. त्याला आधाराची गरज होती." म्हणजे माझी जिद्दच माझ्या मुळावर उठली.

वर म्हणाले, "पुण्याचे पाहुणे येतायत. आईला परत आण. टोपलीसकट."

"नाही आणणार, सर."

"प्रबंधावर माझी सही बाकी आहे. लक्षात आहे ना?"

"आहे. नका करू."

त्यांनी केली नाही. दुसरे कोणी मार्गदर्शक मला घ्यायला तयार नाहीत. सरांशी वाकडं कोण घेणार? इतकी वर्षं पाण्यात गेली. आई विचारते, झालं काय तुयं शिक्षण? मी विषय बदलते.

सरांना आता धारणीकडची एक मुलगी मिळाली आहे. बाप रोजमजुरी करतो. त्याला शनिवारी, पुण्याच्या पाहुण्यांसमोर, कुदळ घेऊन यायला सांगितलंय. मुलीनं मला फोन केला. मी तिला सगळं सांगितलं, माझं काय झालं तेही. ती रडली. म्हणाली, "मॅडम, मले पीएच.डी. पाहिजे." ती बापाला आणणार. तिला कोणत्या तोंडानं दोष देऊ?

हे थांबेल असं मला वाटत नाही. माझ्या सांगण्यानं तर नाहीच.

तरी शनिवारी मी जाणार. बोलावणं नाही, तरी जाणार. पुढच्या रांगेत बसणार. तिचा बाप कुदळ घेऊन स्टेजवर चढला की मी उठणार आणि पुण्याच्या पाहुण्यांदेखत विचारणार, "सर, तुमच्या आईला कधी उभं करता इथं?"

हाकलून देतील. हातातले तासही जातील. जाऊ देत. विचारणार म्हणजे विचारणार.