ग नव्हे, ख

तंजावूरला थंडी पडते हे महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना पटवून देणं मी सोडलं आहे. वीस-एकवीस डिग्री म्हटलं की फोनवर पलीकडून हसू ऐकू येतं. हसू देत. आमच्याकडे थंडी आकड्यांवर मोजत नाहीत, खोबरेल तेलावर मोजतात. सकाळी बाटली उलटी केली आणि तेल खाली आलं नाही, की घरातले सगळे स्वेटर शोधायला लागतात. स्वेटर सापडतात, पण त्यांना डांबरगोळ्यांचा वास असतो आणि ते दहा वर्षांपूर्वीच्या मापाचे असतात.

त्या वर्षी डिसेंबरच्या शेवटी बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा आला आणि सबंध आठवडा हलला नाही. नुसता पाऊस आम्हाला नवा नाही, तो दर वर्षी ऐप्पशी-कार्तिकात, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, येतोच. पण हा पाऊस बारीक, गार आणि चिवट होता. घरात दोऱ्या बांधल्या. ओल्या कपड्यांसाठी पंखा फुल स्पीडवर, आणि त्याच पंख्याखाली आम्ही शाली गुंडाळून बसलेलो. इडलीचं पीठ दोन दिवस झाले तरी फुगेना, म्हणून मी त्याचं भांडं नवऱ्याच्या जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवलं.

"माझं ब्लँकेट?" नवऱ्यानं विचारलं.

"तुम्ही फुगला नाहीत तरी चालतं," मी म्हटलं.

याच आठवड्यात अक्का आमच्याकडे राहायला आली होती. अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. तिरुवैयारुला नदीजवळ राहते आणि चाळीस वर्षं मुलांना गाणं शिकवते. तिच्या हाताखालची मुलं कुठे कुठे गाऊन आली. ती स्वतः मात्र स्टेजवर बसली ती त्यांच्या मागे तंबोरा धरून. कोणी "तुम्ही का गात नाही?" विचारलं तर म्हणायची, "कोणी बोलावलं तर गाईन." बोलावत कोणी नव्हतं.

त्या वर्षी बोलावलं. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर पिळ्ळैयारचं, म्हणजे गणपतीचं, छोटं देऊळ आहे. मार्गळी महिन्यात, म्हणजे मार्गशीर्षाच्या सुमारास, सगळी देवळं पहाटे उघडतात आणि आमच्या देवळात पूजेआधी रोज कोणीतरी अर्धा तास गातं. देवळाच्या कमिटीचे सेक्रेटरी रिटायर्ड हेडमास्तर आहेत. त्यांनी शनिवारचे साडेपाच ते सहा अक्काला दिले. देवळाच्या दारातल्या फळ्यावर खडूनं तिचं नाव लिहिलं. मंडप म्हणाल तर पत्र्याचा आणि माइक म्हणाल तर खरखरणारा. पण अक्काला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा आपलं नाव फळ्यावर दिसलं होतं. रविवारी ती बॅग घेऊन आली, तेव्हा ऑटो आधी देवळापाशी थांबवून फळा बघून मग घरी आली.

सोमवारी सकाळी तिचा आवाज बसला.

पनी लागली, असं तिचं निदान. तमिळमधली पनी म्हणजे दव, धुकं, पहाटेचा ओला गारवा. ती टाळूतून आत उतरते आणि घशात जाऊन बसते, यावर आमच्या गावाचा ठाम विश्वास आहे. म्हणून डिसेंबरमध्ये इथले लोक पायात चपला घालणार नाहीत, पण डोक्याला टॉवेल गुंडाळतील. डॉक्टरांचं मत वेगळं होतं. ते म्हणाले, घसा सुजलाय, शुक्रवारपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही.

अक्कानं मौन धरलं. म्हणजे तोंडानं धरलं. हातात फोन होता. बैठकीच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला आम्ही, आणि मध्ये व्हॉट्सअॅपवर तिच्या सूचनांची रांग. रसमात मिरी कमी आहेत. पंखा बंद करा. पंखा लावा, टॉवेलला वास येतोय. तुझा नवरा घोरतो, लहानपणीही घोरायचा.

आता इथे एक सांगायला हवं. आमच्या घरी सगळे मराठी बोलतात, पण देवनागरी मला एकटीलाच येते, तीही शाळेत हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून. बाकीचे मराठी लिहितात ती तमिळ अक्षरांत. तमिळमध्ये क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे. त्यामुळे आमच्या घरच्या चिठ्ठीत घर, खर आणि कर एकसारखे दिसतात. आम्हाला त्याची सवय आहे. मागचापुढचा शब्द बघून आम्ही बरोबर वाचतो. निदान तोपर्यंत तसा समज होता.

मंगळवार ते गुरुवार मी अक्काच्या घशाची देखरेख केली. मिरी घातलेलं दूध, सुंठीचा काढा, तुळशीचा काढा, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, वाफ. शेजारणीनं पाठवलेला आणखी एक काढा, ज्यात काय होतं ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. दर तासाला काहीतरी गरम अक्काच्या पोटात जात होतं. रोज संध्याकाळी कॉलेजच्या ऑफिसातून परत येताना मला देवळावरून यावं लागायचं, कारण घराच्या दारातच अक्काचा मेसेज वाजायचा: नाव आहे ना अजून?

"आहे," मी सांगायची. "पावसानं शेवटचं अक्षर पुसलंय. पण तुम्हीच आहात हे कळतं."

गुरुवारी सेक्रेटरींचा फोन आला. अक्काला गाता येईल की नाही ते शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळवा. मागच्या गल्लीतल्या भजनी बायका कधीपासून शनिवार मागताहेत, अकरा जणी आहेत, त्यांना आयत्या वेळी कसं सांगणार. म्हणणं रास्त होतं. मी म्हटलं, कळवते.

शुक्रवारी कलेक्टरांनी शाळांना सुट्टी दिली, कॉलेजांना नाही. मी भिजत ऑफिसला गेले. दुपारी चार वाजता आठवण झाली, म्हणून अक्काला विचारलं: संध्याकाळचं काय ठरवलंत? कळवा लगेच.

उत्तर आलं. तमिळ अक्षरांत, पहिला शब्द जसाच्या तसा: काणं नको. आता सोसत नाही. रागावू नकोस.

मी दोनदा वाचलं. गाणं नको. आता सोसत नाही. रागावू नकोस. वाईट वाटलं. पण लोंबकळत ठेवलेली कामं मला आवडत नाहीत. सेक्रेटरींना फोन लावला आणि सांगितलं, अक्कांना जमणार नाही, तुम्ही त्या भजनी बायकांना सांगून टाका. ते "अडाडा" म्हणाले, प्रकृतीला जपायला सांगा म्हणाले, आणि फोन ठेवला. सगळं दोन मिनिटांत आटपलं.

घरी आले, छत्री दारात उघडी ठेवली, पाय पुसले. अक्का खुर्चीत बसली होती, गळ्याभोवती दोन मफलर.

"कळवलं मी त्यांना," मी म्हटलं. "आता डोक्याला ताप नाही. स्वस्थ झोपा उद्या."

तिनं भुवया वर केल्या आणि फोन उचलला. माझ्या पिशवीत टिंग वाजलं. कोणाला?

"सेक्रेटरींना. गाणं नको म्हणालात ना तुम्ही."

अक्कानं एक मफलर काढला. मग दुसरा काढला.

"खाणं!" ती ओरडली. "खाणं नको म्हणाले मी! खाणं! ग नव्हे गे, ख!"

आमच्या घरात संध्याकाळच्या कॉफीबरोबर जे असतं त्याला खाणं म्हणतात, आणि माझं 'संध्याकाळचं काय' तिनं त्याबद्दलच घेतलं होतं. तीन दिवस काढे पिऊन तिच्या पोटात जागा नव्हती, आणि खायला नको म्हटलं की मी रागावते हे तिला ठाऊक होतं. सगळं बरोबर होतं. चूक एका अक्षराची, आणि तीही तिची म्हणता येत नव्हती.

नवऱ्यानं पेपर खाली ठेवला. "अक्का, आवाज!"

"आवाज गेला खड्ड्यात!"

"गेला नाही. आलाय."

खरंच आला होता. जरा जाड होता, खालच्या अंगाला खरखर होती, पण शेजारीण काढ्याचं भांडं न्यायला आली होती ती फाटकातच थबकली, इतका आला होता. अक्कानं लगेच तो कामाला लावला.

"चाळीस वर्षांत एकदा नाव लिहिलं माझं! एकदा! आणि हिनं ते पुसून टाकलं, दोन मिनिटांत! विचारावं तरी, अक्का, खरंच का?"

"दोष तसा लिपीचा आहे," नवरा म्हणाला. "तमिळमध्ये हे अक्षर—"

"दोष तुझ्या बायकोच्या घाईचा आहे! दोन वर्षांत साठीची होईल, तरी सहा वर्षांच्या पोरीसारखी वागते ही!"

हे मला आजही पटलेलं नाही, पण वाद घालायची ती वेळ नव्हती. मी ओली छत्री पुन्हा उचलली. "चला," मी म्हटलं. "मी घालवलं, मीच मागून आणते. तुम्ही बरोबर चला. तुमचा आवाज त्यांना ऐकवायला हवा, माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत."

एका छत्रीतून दोघी गेलो. वाटेत देवळापाशी अक्का थांबली. फळा पुसलेला होता आणि त्यावर ताज्या खडूनं भजनी मंडळ असं ठसठशीत लिहिलं होतं. तिनं तो वाचला आणि पुढे चालायला लागली. मला ती ओरडलेलीच बरी वाटली असती.

सेक्रेटरी स्वेटर, मफलर आणि मंकी कॅप घालून ओट्यावर बसले होते. मी सगळी हकीकत सांगितली. ग आणि ख त्यांना समजावून देताना माझी दमछाक झाली, कारण त्यांना मराठी येत नाही आणि तमिळमध्ये तो फरक दाखवायला अक्षर नाही. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे अम्मा, जेवायचं नव्हतं म्हणून तुम्ही गाण्याची कच्चेरी रद्द केलीत?"

"तसंच समजा," मी म्हटलं.

"पण आता त्या अकरा जणींना मी सांगितलंय. त्यांनी सराव सुरू केलाय. त्यांना नाही म्हणायची माझी हिंमत नाही."

"पूजेनंतर घ्या त्यांना."

"पूजेनंतर प्रसाद. प्रसादानंतर देवळात कोण थांबतं?"

"मग त्यांच्याआधी, पाच वाजता," अक्का म्हणाली.

"पाचला कोणी येत नाही, अम्मा. या पावसात तर पूजा करणारे गुरुक्कलसुद्धा सव्वापाचला येतात."

"मी येईन."

"ऐकायला म्हणतोय मी."

"ऐकायला ही येईल," अक्कानं माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला यावंच लागेल."

शनिवारी पावणेपाचला मी, नवरा आणि अक्का देवळात होतो. पाऊस पत्र्यावर असा वाजत होता, जणू पोरांनी वाटाणे ओतावेत. फरशी इतकी गार की मी मांडीखाली प्लॅस्टिकची पिशवी घेतली. श्रोते तीन: आम्ही दोघं आणि सेक्रेटरी, जे बहुधा अपराधी भावनेनं आले होते. अक्कानं श्रुतीपेटी नेहमीपेक्षा अर्धा स्वर खाली लावली, खाकरली, आणि सुरू केलं.

मला गाण्यातलं फारसं कळत नाही. एवढं कळलं की पहिल्या पदात दोन ठिकाणी आवाज फाटला आणि ती थांबली नाही. तिसऱ्या पदाला नवरा ताल धरायला लागला. तो देवळात सहसा डुलक्या घेतो. दूधवाला सायकल टेकवून पत्र्याखाली आला, तो पावसासाठी आला होता, पण कॅन खाली ठेवून बसला. चौथं पद मराठी होतं. दूधवाल्याला त्यातलं काही कळलं नसणार, तरी त्यानं मान हलवली.

बरोबर साडेपाचला अक्का थांबली. आम्ही रस्त्याकडे बघितलं. भजनी बायकांचा पत्ता नव्हता.

"येतील," सेक्रेटरी म्हणाले.

अक्कानं पाच मिनिटं वाट पाहिली. मग श्रुतीपेटी पुन्हा चालू केली. सेक्रेटरींनी तोंड उघडलं, पण तोवर पद सुरू झालं होतं.

पावणेसहाला त्या आल्या. अकरा जणी, डोक्याला टॉवेल, एका मोठ्या ताडपत्रीखाली दोन रांगांत, एकीच्या हातात पिशवीत गुंडाळलेल्या झांजा. पत्र्याखाली येऊन उभ्या राहिल्या. अक्कानं त्यांना हातानं खूण केली: बसा. त्या बसल्या. पुढच्या ओळीला तिनं पुन्हा खूण केली आणि अकराही जणी मागून म्हणायला लागल्या. झांजाही पिशवीतून निघाल्या.

सहा वाजले. गुरुक्कल आरतीचं तबक घेऊन गाभाऱ्याच्या दाराशी उभे राहिले. सेक्रेटरी माझ्याजवळ सरकले आणि कानात म्हणाले, "अम्मा, वेळ झाली. जरा सांगता का त्यांना?"

"तुम्ही सांगा," मी म्हटलं.

ते पुढे गेले, घड्याळ तिच्यासमोर धरलं. अक्कानं डोळे मिटून घेतले. शेवटी गुरुक्कलनीच कापूर पेटवला आणि मोठी घंटा हाणायला घेतली. अक्कानं लय वाढवली, आणि मागे अकरा जणींनी झांजांचा जोर.